पाच दाणे, चार सुना आणि कथेतील माणूस



अलीकडे आपल्या समाजातील अनेक मंडळी कथालेखनाकडे वळू लागली आहेत. दुकानाचा कारभार मुलांच्या हाती सोपवलेले ज्येष्ठ, दुपारचे दोन तास मोकळे मिळणाऱ्या गृहिणी, वाणिज्य शाखेचा अभ्यास सांभाळून वही भरणारी तरुण मुलेमुली असे सारेच हौसेने लिहितात. या कथा वाचताना एक गोष्ट मात्र वारंवार जाणवते. प्रसंग चांगला असतो, भाषा नेटकी असते, तात्पर्य तर निर्दोषच असते. परंतु वाचून संपल्यावर कथेतील माणूस आठवत नाही. त्याचे नाव काढून दुसरे घातले तरी कथेचे काही बिघडत नाही. ज्या कथेतील माणसे अशी सहज बदलता येतात, त्या कथेत माणसे नसतातच, केवळ नावे असतात. कथेतील माणूस खरा कसा वाटू लागतो, आणि ही कला शिकता येते काय, याचा विचार या वेळी करू.

हा प्रश्न केवळ साहित्याच्या हौसेचा आहे असे मला वाटत नाही. आपल्या व्यापारी वर्गाचे कथा-कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून जे चित्र रंगवले गेले, ते आठवून पाहा. काखेत लाल चोपडी, डोळ्यांत लोभ, तराजूला पासंग आणि तोंडी व्याजाचा आकडा. याला उत्तर म्हणून आपण स्वतः लिहितो तेव्हा नेमके उलट टोक गाठतो. आपल्या कथेतील शेठ पहाटे उठून दर्शन घेतात, दिवसभर दान करतात आणि रात्री कृतार्थ होऊन झोपतात. पहिले चित्र काळ्या रंगात बुडवलेले, दुसरे पांढऱ्या. पण पुठ्ठा एकच. या दोन्हींच्या मध्ये जो खरा माणूस आहे, उधारी वसूल होत नाही म्हणून ज्याची झोप उडते, मुलगा गादीवर बसायला तयार नाही म्हणून जो मनातून खचतो, आयंबिलाच्या दिवशीही ज्याला गिऱ्हाइकाचा राग येतो, तो कोणीच लिहिलेला नाही. त्याला आपणच लिहिले नाही, तर पुढच्या पिढीला आजोबा केवळ हार घातलेल्या तसबिरीतून ठाऊक राहतील.

कल्पित म्हणजे असत्य नव्हे

काही श्रद्धाळू वाचक विचारतात, न घडलेले घडले म्हणून लिहिणे हे सत्य अणुव्रताला बाधक नाही काय? याचे उत्तर आपल्या आचार्यांनीच कृतीने देऊन ठेवले आहे. हरिभद्रसूरींनी 'समराइच्चकहा' लिहिली, उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' पूर्ण केली, सिद्धर्षींनी इ. स. ९०६ मध्ये 'उपमितिभवप्रपंचा कथा' रचली. महाव्रतधारी मुनींनी कथेच्या रचनेत एवढी शक्ती खर्च केली, ती कथा असत्य आहे असे मानून नव्हे. असत्य तेव्हा घडते, जेव्हा ऐकणाऱ्याला फसवण्याचा हेतू असतो. कथा ही कथा आहे हे वाचकाला आरंभापासून ठाऊक असते. तथापि कथेचेही स्वतःचे एक सत्य असते आणि ते पाळावेच लागते. माणूस ज्या प्रसंगी जसा वागला नसता, तसे त्याला केवळ तात्पर्यासाठी वागायला लावणे, हे कथेतील असत्य होय.

चार सुनांची कथा

पात्र कसे घडवावे याचा पहिला धडा मला ज्ञाताधर्मकथेत सापडतो. श्वेतांबर आगमांतील या सहाव्या अंगातील सातवे अध्ययन 'रोहिणी' या नावाने प्रसिद्ध आहे. राजगृहातील धन्य सार्थवाहाने आपल्या चार सुनांना भाताचे पाच-पाच दाणे दिले आणि मागेन तेव्हा परत द्या असे सांगितले. थोरल्या उज्झितेने विचार केला की कोठारात भाताचे ढीग पडले आहेत, मागतील तेव्हा त्यातले पाच देऊ. आणि तिने दाणे टाकून दिले. दुसरी भोगवती, तिने ते खाऊन टाकले. तिसऱ्या रक्षिकेने ते कापडात बांधून दागिन्यांच्या डबीत ठेवले आणि ती डबी उशाशी जपली. चौथ्या रोहिणीने ते माहेरच्या माणसांकडून शेतात पेरवले, दरवर्षी पुन्हा पेरवले. पाच वर्षांनी सासऱ्याने दाणे मागितले, तेव्हा ते आणण्यासाठी तिला गाड्या मागवाव्या लागल्या.

ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे आणि तिचे तात्पर्यही आपणास पाठ आहे. पण लेखकाच्या नजरेने ती पुन्हा वाचा. उज्झिता निष्काळजी होती, रोहिणी दूरदर्शी होती, अशी विशेषणे लावून कथाकार थांबला असता तर अडीच हजार वर्षांच्या परंपरेत ही कथा टिकली नसती. कथाकाराने एकच वस्तू चौघींच्या हाती दिली आणि प्रत्येकीचा हात काय करतो ते दाखवले. स्वभाव सांगितला नाही, कृतीतून दिसू दिला. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. दाणे टाकणाऱ्या उज्झितेलाही स्वतःचा एक विचार आहे. तो वरकरणी चुकीचाही नाही, कारण दाण्यासारखा दाणा. कोठारातला काय आणि हातातला काय! सासऱ्याने पाच दाणे दिले नव्हते, विश्वास दिला होता, एवढेच तिच्या ध्यानात आले नाही. चुकणाऱ्या पात्रालाही पटण्याजोगे कारण असते, हे त्या प्राचीन कथाकाराला ठाऊक होते.

अर्ज आणि खातेउतारा

बँकेच्या नोकरीत कर्जप्रकरणे तपासताना पाच गोष्टी पाहण्याची रीत आहे: कर्जदाराचे चारित्र्य, परतफेडीची कुवत, स्वतःचे भांडवल, तारण आणि बाजाराची परिस्थिती. यात पहिला क्रमांक चारित्र्याचा. अमेरिकेतील बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांनीही १९१२ साली तेथील काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना पतीचा पहिला आधार पैसा किंवा मालमत्ता नसून चारित्र्य आहे, असेच प्रतिपादन केले होते. आता हे चारित्र्य अधिकाऱ्याने ओळखायचे कसे? अर्जात तर प्रत्येक जण सज्जनच असतो. म्हणून अर्ज बाजूला ठेवून खात्याचा उतारा पाहावा लागतो. पैसा केव्हा आला, केव्हा गेला, चेक परत गेला तेव्हा माणूस स्वतः येऊन भेटला की फोन उचलेनासा झाला, अडचणीच्या महिन्यात त्याने आधी कोणाचे देणे फेडले, हे सारे त्या उताऱ्यात असते.

कथालेखकालाही हाच नियम लागू आहे. 'काकासाहेब अत्यंत प्रामाणिक, धर्मनिष्ठ आणि दयाळू होते' हे वाक्य म्हणजे अर्ज. वाचक त्यावर कर्ज मंजूर करीत नाही. त्याला उतारा हवा असतो.

एक नमुना घेऊ. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे एक अडत व्यापारी कल्पनेत आणा. वय साठीच्या आसपास, हळकुंड मोडून आतला रंग पाहताच मालाची जात ओळखणारे. एका संध्याकाळी रोकड जुळवताना ४०० रुपये जास्त निघतात. दुपारी एका शेतकऱ्याची पट्टी चुकती करताना ते त्याला कमी गेले, हे त्यांच्या ध्यानात येते. ते दिवाणजीला उद्यापर्यंत थांबू देत नाहीत. दुकानातील मुलाला लगेच सायकलवरून एस.टी. स्टँडवर पिटाळतात आणि तो परत येईपर्यंत दुकानाचे फळी-कुलूप लावीत नाहीत. एवढे लिहिले की 'प्रामाणिक' हा शब्द लिहिण्याची गरज उरत नाही.

मात्र येथे थांबलो तर आपण पांढरा पुठ्ठाच रंगवला असे होईल. म्हणून त्याच रात्रीचा दुसरा प्रसंग लिहा. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा महिन्याचा हिशेब चालला आहे. त्यांचे दोन खाडे झाले आहेत. सूनबाई हळूच म्हणते, "पप्पा, त्यांचा मुलगा तापाने आजारी होता." काकासाहेब मान वर न करता खाड्यांचे पैसे कापतात आणि उरलेल्या नोटा दोनदा मोजून देतात.

आता वाचक सावरून बसतो. स्टँडवर पैसे पाठवणारा माणूस खरा की खाड्याचे पैसे कापणारा? दोन्ही खरे. विसंगती नसलेला माणूस आपण आयुष्यात पाहिलेला नाही, म्हणून कथेतही त्याच्यावर आपला विश्वास बसत नाही.

आरंभीची शिल्लक

तथापि दोन परस्परविरोधी गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे पात्र जिवंत झाले, असे नाही. त्या दोहोंना जोडणारा धागा लेखकाला ठाऊक असला पाहिजे. नवीन वर्षाची वही उघडताना आपण पहिल्या ओळीवर मागील वर्षाची शिल्लक ओढतो. पात्राचेही तसेच आहे. कथेच्या पहिल्या ओळीपूर्वी त्याने पन्नास-साठ वर्षे जगून काढलेली असतात.

आपल्या काकासाहेबांची आरंभीची शिल्लक अशी मांडू. ते दहा वर्षांचे असताना वडिलांची पेढी बुडाली. वसुलीसाठी माणसे ओट्यावर येऊन बसत, आईने एक-एक करून पाटल्या मोडल्या, आणि शाळेत कोणीतरी 'बुडव्याचा मुलगा' म्हटले. त्या मुलाने मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. बाजारातील कोणाचा एक पैसाही आपल्याकडे राहता कामा नये, आणि घरातून एक पैसाही विनाकारण बाहेर जाता कामा नये. पहिल्या निश्चयाला जग प्रामाणिकपणा म्हणते, दुसऱ्याला कंजूषपणा. प्रत्यक्षात दोन्ही एकाच भीतीची रूपे आहेत. हे सारे कथेत सविस्तर लिहिण्याची आवश्यकता नाही. नोटा दोनदा मोजणाऱ्या बोटांत ते येऊन जाते. पण लेखकाला ते ठाऊक असावेच लागते.

या दृष्टीने हरिभद्रसूरींची 'समराइच्चकहा' अभ्यासावी. राजपुत्र गुणसेन बालपणी कुरूप अग्निशर्म्याची यथेच्छ टवाळी करतो. कंटाळून अग्निशर्मा तापस होतो, महिना-महिना उपवास करतो आणि पारण्याला केवळ पहिल्या घरी जातो; तेथे भिक्षा मिळाली नाही तर पुन्हा महिन्याचा उपवास. पुढे राजा झालेला गुणसेन त्याला भेटतो, पश्चात्तापाने आणि भक्तीने पारण्याचे निमंत्रण देतो. परंतु एकदा राजाचे मस्तक विलक्षण दुखते, दुसऱ्यांदा शत्रूवर स्वारीची धांदल असते, तिसऱ्यांदा पुत्रजन्माचा उत्सव असतो. तिन्ही वेळा तापस उपाशी परततो. राजाच्या बाजूने पाहिले तर तिन्ही कारणे निरपराध आहेत. अग्निशर्म्याच्या बाजूने पाहिले तर बालपणीचीच टवाळी आता अधिक क्रूर रीतीने चालू आहे. तो वैराचे निदान करतो आणि नऊ भवांची कथा सुरू होते.

खलपात्र लिहू इच्छिणाऱ्याने या प्रसंगाचे मनन करावे. येथे कोणी जन्मतः दुष्ट नाही. ज्याची आरंभीची शिल्लक अपमानाची आहे, त्याच्या खात्यात प्रत्येक नवी नोंद अपमान म्हणूनच पडते. दोन माणसे एकच घटना दोन नयांनी पाहतात आणि दोघांनाही आपण पाहिले तेच संपूर्ण वाटते. अनेकांतवाद आपण व्याख्यानांत पुष्कळ ऐकतो. कथालेखकाला तो टेबलावर बसून रोज आचरावा लागतो. प्रत्येक पात्राच्या खुर्चीवर एकदा तरी बसून, तेथून जग कसे दिसते हे पाहिल्याखेरीज त्या पात्राच्या तोंडी एकही वाक्य घालू नये.

एका कषायाचा माणूस आणि पुरा माणूस

'कुवलयमाले'त पाच जीवांच्या कथा गुंफल्या आहेत: क्रोधी चंडसोम, अभिमानी मानभट, कपटी मायादित्य, लोभी लोभदेव आणि मोहग्रस्त मोहदत्त. एकेक विकार एकेका व्यक्तीत मूर्त केलेला आहे. धर्मबोधासाठी ही योजना उत्तम होय. पण त्यातही कथाकाराने जगाचे निरीक्षण किती बारकाईने केले आहे ते पाहण्याजोगे आहे. लोभदेव घोडे घेऊन आपल्या महाराष्ट्रातील सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला येतो. तेथे व्यापाऱ्यांची बैठक भरते आणि कोणी कोठे काय नेले, त्याच्या मोबदल्यात काय आणले, याच्या गप्पा रंगतात. कडुनिंबाची पाने घेऊन रत्नद्वीपाला गेलेला आणि रत्ने घेऊन परतलेला व्यापारीही त्यात आहे. हे ऐकून लोभदेवाच्या मनात लोभ जागा होतो, आणि समुद्रावरून परतताना तो आपल्या भागीदार मित्राला, भद्रश्रेष्ठीला, पाण्यात ढकलतो. लोभ आकाशातून पडला नाही. बैठकीतल्या गप्पांतून, दुसऱ्याच्या नफ्याच्या आकड्यातून शिरला. आपल्यापैकी कोणाला हा अनुभव अपरिचित आहे?

आधुनिक कथेत मात्र एका माणसात एकच कषाय ठेवून भागत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत सपाट पात्र आणि भरीव पात्र असा भेद केला. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येते. भरीव पात्र आपल्याला चकित करते, आणि तरीही ते चकित करणे आपल्याला पटते. सपाट पात्रे सर्वथा टाकाऊ नसतात. घटकाभर येऊन जाणारा हमाल वा पोस्टमन एका लकबीत उभा करावा. परंतु कथेचा भार ज्याच्यावर आहे, तो भरीव हवा.

भरीव व्यापारी पाहायचा असेल तर आर. के. नारायण यांची 'द फायनान्शियल एक्स्पर्ट' ही १९५२ सालची कादंबरी वाचावी. मालगुडीतील सहकारी बँकेसमोर वडाच्या झाडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसणारा मार्गय्या खेडुतांना कर्जाचे अर्ज भरून देतो, सल्ला विकतो. पैशाचा त्याला ध्यास आहे. पण त्याचा लहानगा मुलगा बाळू एके दिवशी हिशेबाची वही गटारात फेकतो, आणि साऱ्या खेडुतांची खाती त्या पाण्यात जातात. वाचकाला वाटते, असा पैशाचा लोभी बाप आता मुलाला कायमचा दूर लोटेल. मार्गय्या चिडतो खरा, परंतु पुढे त्याच मुलासाठी तो शाळेच्या कारभारात शिरतो, त्याच्यासाठी पैसा ओततो, आणि अखेरीस त्याच मुलामुळे पुन्हा त्या पेटीपाशी येऊन पोहोचतो. लोभ आणि पुत्रप्रेम यांची गाठ इतकी घट्ट आहे की एक ओढले की दुसरे ताणले जाते. आपल्या पेठेत असे किती मार्गय्या आपण पाहतो. पण लिहिला तो नारायण यांनी.

मराठीतही या अभ्यासाला साधने कमी नाहीत. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली'तील नारायण दुसऱ्यांच्या लग्नकार्यात राबतो, त्या राबण्यातूनच तो दिसतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये कोरडवाहू मुलखातील माणूस कमीत कमी शब्दांत उभा राहतो. आणि वाणिज्य शाखेच्या माणसाला कथा जमत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी गंगाधर गाडगीळ यांचे स्मरण करावे. मराठी नवकथेचे हे अग्रणी अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुंबईतील नरसी मोनजी वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्यही होते.

बोली

पात्र बोलू लागले की त्याची खरी परीक्षा होते. आपल्या नवोदितांच्या कथांत आजी, नातू, दिवाणजी आणि मुनिमहाराज सारेच एका छापील भाषेत बोलतात. उद्योतनसूरींनी बाराशे वर्षांपूर्वी 'कुवलयमाले'त बाजाराचे वर्णन करताना निरनिराळ्या देशांचे व्यापारी त्यांच्या-त्यांच्या लकबींसह आणि बोलींसह रंगवले. त्यांत मरहट्ठेही आहेत, आणि मराठी बोलीच्या इतिहासाचे अभ्यासक त्या उल्लेखाला आजही महत्त्व देतात. एका मुनींनी बाजारातील बोली एवढ्या कान देऊन ऐकल्या, तर जन्मभर बाजारात बसणाऱ्या आपल्याला ते अवघड का जावे?

आपल्या घरांत तर बोलींची श्रीमंती आहे. एकच माणूस आईला 'बा' म्हणून गुजरातीत किंवा 'माँसा' म्हणून मारवाडीत बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठीत, बाहेरगावच्या दलालाशी हिंदीत. दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या बांधवांच्या घरी 'आण्णा' आणि 'अक्का' असतात, कानडीचा हेल असतो. तो माणूस कोणत्या क्षणी कोणती भाषा धरतो, यातच त्याचा स्वभाव उघडा होतो. रागावल्यावर जो मातृभाषेत जातो तो एक, आणि रागावल्यावर एकाएकी शुद्ध मराठीत 'आपण' म्हणू लागतो तो दुसरा. व्यापारी माणूस 'नाही' हा शब्द किती प्रकारांनी टाळतो, 'बघू', 'पाहतो', 'दिवाळीनंतर या', याची एक वही केली तरी संवादलेखनाचा निम्मा अभ्यास होईल.

कसोटीचा प्रसंग

आता आपल्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे वळू. पात्र तयार झाले. कथा कोठे आहे? ज्या दोन गोष्टी त्याने आजवर एकत्र बाळगल्या, त्या परस्परविरुद्ध दिशांना खेचल्या जातील अशा जागी त्याला उभे करावे, म्हणजे कथा सुरू होते. समजा, धाकट्या भावाने हळदपुडीच्या एका खेपेत भेसळ केली आणि ती पेढीच्या नावाने बाहेरगावी रवाना झाली. कोणालाही कळलेले नाही. माल परत मागवला तर बाजारात बोभाटा होऊन पेढीची अब्रू जाणार. न मागवला तर अब्रू राहणार, सचोटी जाणार. साठ वर्षे अब्रू आणि सचोटी ही त्यांना एकच वस्तू वाटत होती. आज प्रथमच त्यांना यांतून एक निवडायची आहे, आणि आपण इतकी वर्षे नेमके कशाला जपत होतो, हेही आजच कळणार आहे.

येथे लेखकाने तात्पर्याची घाई करू नये. त्यांना रात्रभर जागू द्यावे. प्रेमचंदांच्या 'पंच परमेश्वर' कथेत जुम्मन शेख आपल्या वैरी झालेल्या मित्राचा, अलगू चौधरीचा, निवाडा करायला बसतो, तेव्हा सूड घेण्याची संधी त्याच्या हाती असते. पंचाच्या आसनावर बसताच त्याला जबाबदारीची जाणीव होते आणि तो न्याय देतो. हा बदल आपल्याला पटतो, कारण पूर्वी अलगूनेही मैत्री बाजूला ठेवून त्याच आसनावरून जुम्मनविरुद्ध न्याय दिलेला आपण पाहिलेला असतो. बदलाची किंमत आणि कारण दोन्ही आधी जमा झालेली असतील, तरच शेवटी तो बदल वटतो.

वही आणि मर्यादा

नवोदितांनी रोज रात्री पाच ओळींचा रोजमेळ ठेवावा. आज पाहिलेल्या एका माणसाची एक कृती, एक वाक्य, एक लकब. उधारी मागताना तो कोठे पाहत होता, नोट मोजताना थुंकी लावली की पाण्याचा स्पंज वापरला, मुलाची तक्रार करताना आवाज खाली आला काय. महिन्याने त्याची खतावणी करावी: भीती, अभिमान, माया, लोभ, वात्सल्य अशी खाती पाडून नोंदी त्यांत ओढाव्यात. वर्षभरात अशी वही भरली की पात्रांसाठी कल्पनेपुढे हात पसरावा लागत नाही.

मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. आपला समाज लहान आहे, सोयरिकींनी घट्ट विणलेला आहे. एखाद्या घरातील दुःख, फसलेला व्यवहार वा मोडलेले लग्न नाव बदलून जसेच्या तसे छापले, तर चार गावांतील माणसे ते घर ओळखतात. बँकेच्या माणसाला ग्राहकाच्या खात्याची गुप्तता जन्मभर पाळावी लागते. कथालेखकाने स्वतःला त्याहून सैल नियम लावू नये. एकाची लकब, दुसऱ्याचा व्यवसाय, तिसऱ्याचे दुःख आणि स्वतःच्या मनातील भीती यांच्या मिश्रणातून नवा माणूस करावा. असा माणूस अधिक खराही वाटतो, कारण त्यात लेखकाचा स्वतःचा अंश असतो. संवत्सरीला ज्याच्या दारी जाऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना मान खाली घालावी लागेल, असे एकही वाक्य कथेत असू नये.

शेवटी एक गृहपाठ. चार सुनांची कथा पुन्हा लिहा, परंतु उज्झितेच्या बाजूने. सासऱ्यांनी घराची झाडलोट तिच्याकडे सोपवली आहे. अंगणात रोहिणीच्या भाताच्या गाड्या येऊन उभ्या आहेत, गावची माणसे पाहायला जमली आहेत, आणि गाड्यांतून सांडलेले दाणे झाडून गोळा करण्याचे काम तिचेच आहे. ती केरसुणी घेऊन वाकते. तिच्या तळहातावर पाच दाणे येतात. या क्षणी तिला काय वाटले, ते एकही विशेषण न वापरता दोन पानांत लिहून पाहा. जमले तर अवश्य कळवावे.

जय जिनेंद्र.